चालू मशीनमध्ये हात

माझे यजमान चांगदेव यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, तेव्हा त्यांनी बंद मशीनमध्ये हात घातला होता. बंद. हे मी गेली तीस वर्षं सांगते आहे. माझी लेक धम्मदीना म्हणते, "आई, आता बस्स कर ना." पण कागदावर उलटं लिहिलेलं आहे आणि तो कागद कुठल्या तरी कपाटात अजून असेल. मग मी का बस्स करू?

हे मिलच्या सुतारखात्यात बावीस वर्षं होते. या हिंदी मुलखातल्या शहरात, परदेशीपुऱ्यात, आमची दोन खोल्यांची जागा होती. मिलचा भोंगा हेच आमचं घड्याळ. पहिल्या भोंग्याला चहा, दुसऱ्याला डबा, आणि हे सायकल काढायचे. ते दिवस सुखाचे होते असं म्हटलं की आजची पोरं हसतात. हसू देत. माणसाला माणूस विचारत होता, एवढं मला आठवतं.

त्यांच्या खात्यात एक रीत होती. प्रत्येकाजवळ नंबराचा पितळी बिल्ला असायचा. मशीन साफ करायचं असेल, करवतीत अडकलेली ढलपी काढायची असेल, तर आधी स्विच बंद करायचा, आपला बिल्ला स्विचच्या दांड्यावर लटकवायचा, मगच आत हात घालायचा. ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा. एकदा एका नव्या साहेबाने घाईत दुसऱ्याचा बिल्ला काढला, तर अख्खं खातं हत्यारं खाली ठेवून उभं राहिलं होतं. साहेबाने गुपचूप बिल्ला परत लटकवला. ही गोष्ट हे इतक्यांदा सांगायचे की मला तोंडपाठ झाली होती.

मग मिल बंद झाली. पेपरात रोज यायचं की देश आता सगळ्या जगासाठी उघडला. आमच्या गेटला मात्र ही जाड साखळी. बिल्ले परत घ्यायलासुद्धा कोणी उरलं नव्हतं. ते सगळ्यांच्या खिशातच राहिले.

दीड वर्ष इकडेतिकडे केल्यावर यांना बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत शामजींच्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. सोबत संताजी. संताजी म्हणजे सुतारखात्यात यांच्या शेजारच्याच बाकावर अठरा वर्षं काम केलेला माणूस. आमच्याकडे दर रविवारी जेवायला. यांना भिया म्हणजे भैया, मला वहिनी म्हणायचा, मी त्याला भाऊजी. धम्मदीनाचा पाळणा त्यानेच बनवला होता.

शामजींकडे विजेवर फिरणारी गोल करवत होती. तिला सगळे कटर म्हणत. पात्यावर झाकण नाही. काम हळू होतं म्हणून काढून ठेवलेलं. पहिल्याच आठवड्यात यांनी झाकण बसवायला सांगितलं, तेव्हा शामजींचा मेहुणा निशांत म्हणाला, "काय मिस्त्री, मिलमधून आलात की सासरहून? एवढे नखरे!" सगळे हसले. पण यांची बिल्ल्याची सवय सुटली नाही. तिथेही स्विचवर लटकवायचे.

लग्नसराई होती. दुपारी करवतीखाली सागाची ढलपी अडकली. यांनी स्विच पाडून मशीन बंद केलं, बिल्ला लटकवला, गुडघ्यावर बसून हात आत घातला. निशांत बाहेरून आला. पलंगांची ऑर्डर अडून बसली होती. "अरे, हे मेडल कोणाचं लटकलंय?" म्हणत त्याने बिल्ला काढून खिडकीत फेकला आणि स्विच वर करून मशीन चालू केलं. खाली माणूस बसलाय हे वाकून बघितलंसुद्धा नाही.

संताजी चार हातांवर रंधा मारत होता. त्याने सगळं पाहिलं. त्यानेच धावत जाऊन स्विच पाडला, आपला शर्ट फाडून यांचा हात बांधला आणि दवाखान्यात आणलं. मला पहिल्या संध्याकाळी हे सगळं त्यानेच सांगितलं. ढसाढसा रडत सांगितलं. म्हणून तर माझा राग विझत नाही.

तिसऱ्या दिवशी शामजी दवाखान्यात आले. सफरचंदं आणली. पलंगाच्या कडेवर बसून गोड आवाजात म्हणाले, "भाभीजी, जे झालं ते बहुत बुरा झालं. पण पोलीस आले, वर्कशॉपला सील लागलं, तर बारा घरांच्या चुली बंद होतील. चांगदेवभियाला मी सोडणार नाही. गेटवर बसवीन, जन्मभर. फक्त हा एक कागद."

हिंदीत टाईप केलेला कागद होता. मी वाचला. 'मैंने अपनी लापरवाही से चालू मशीन में हाथ डाला.'

"कोणाची लापरवाही?" मी म्हटलं.

"भाभीजी, ती लिहिण्याची पद्धत असते."

"मग तुमच्या मेहुण्याच्या नावाने लिहा ना पद्धत!"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. शामजी हसले, कागद उशीजवळ ठेवला, म्हणाले, "उद्या येतो. अंगठा दिला तरी चालेल, डावा." बावीस वर्षं पगाराला मोत्यासारखी सही करणाऱ्या माणसाला हा अंगठा मागत होता.

ते गेल्यावर हे हळूच म्हणाले, "यशोधरा, देऊन टाकू. अठ्ठेचाळीस वर्षांच्या लुळ्या माणसाला दुसरं कोण ठेवणार?"

"आणि तुम्ही निष्काळजी होतात?"

यावर ते भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांच्या पाठीवरून मला कळलं की बोटांपेक्षा तो शब्दच जास्त लागलाय.

मी तशीच उठले आणि संताजीच्या घरी गेले. तो ओट्यावर दाढी करत बसला होता. अर्ध्या गालाला साबण.

"भाऊजी, पोलीस ठाण्यात चला. जे पाहिलं ते सांगायचं."

"वहिनी, बसा तरी."

"बसायला नाही आले."

त्याने वस्तरा खाली ठेवला. "मी तोंड उघडलं तर उद्यापासून मीबी घरी. तीन पोरी आहेत माझ्या. मी भियाला किती बार म्हटलं, ये मिल नहीं है, इथे बिल्ल्याला कोण विचारतो? ऐकलंच नाही."

"म्हणजे चूक त्यांची?"

"मी तसं नाही म्हणत."

"मग काय म्हणता? अठरा वर्षं तुम्ही कुठे लटकवत होतात तुमचा बिल्ला? तेव्हा कोणी काढला असता तर?"

तो साबण पुसत राहिला. गालावर काही नव्हतं तिथेही पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी शामजी आले ते संताजीला सोबत घेऊनच. कागदावर खाली साक्षीदाराची जागा होती. शाईचा पॅडही आणला होता. संताजी खाटेच्या पायाशी उभा राहिला. माझ्याकडे बघेना.

यांनी डावा हात चादरीबाहेर काढला होता. मला वाटलं, आता देतात अंगठा. मी काही बोलणार तेवढ्यात हेच म्हणाले, "शामजी, आधी साक्षीदाराची सही घ्या. संताजीने केली की मी अंगठा देतो."

"साक्षीदाराची सही नंतर असते, भिया."

"आधी त्याची."

संताजीने पेन घेतलं. हे त्याच्याकडे एकटक बघत होते. साध्या आवाजात विचारलं, "संत्या, स्विचवर काय लटकत होतं?"

संताजीचे ओठ हलले. शामजी म्हणाले, "अरे कर ना यार, देर होतेय." संताजी वाकला आणि त्याने सही केली. पूर्ण नावाची. वडिलांच्या नावासकट.

यांनी डावा हात परत चादरीत घेतला.

"काय झालं?" शामजींनी विचारलं.

"मी नाही देत."

"भिया, आत्ता तर म्हणालात..."

"खोटं बोललो. सगळेच बोलतात."

शामजींचा गोड आवाज तिथेच संपला. मिलवाल्यांच्या डोक्यात हवा भरलेली असते म्हणाले, गेटवरची जागा विसरा म्हणाले. सफरचंदांची पिशवी मी त्यांच्यामागे जिन्यापर्यंत नेऊन हातात कोंबली. दोन खाल्ली होती, तेही सांगितलं.

परत आले तर हे रडत होते. म्हणाले, "रिपोर्ट लिहून दे. जे झालं ते सगळं लिही. पण संत्याचं नाव नको घेऊ. त्याच्या पोरी आहेत."

"बरं," मी म्हटलं.

ठाण्यात हवालदाराने विचारलं, "बाई, कोई गवाह?" मी यांना दिलेला शब्द मला आठवत होता. तो वाकून सही करणारा माणूसही डोळ्यासमोर होता.

"होता," मी म्हटलं. "नाव लिहा. त्याने सगळं पाहिलं, मला रडून सांगितलं, आणि मग खोट्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली. हेही लिहा."

"अरे माताजी, इसका खाना नहीं है इसमें." त्याने फॉर्मवरचे रकाने दाखवले.

"मग मागच्या बाजूला लिहा. मी उभी आहे."

त्याने लिहिलं. मी वाचून घेतलं, मग सही केली. पोलिसांनी संताजीला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा त्याने सांगितलं, मशीन चालू होतं, मिस्त्रीने स्वतः हात घातला. केस तिथेच बसली. शामजींनी त्याला पुढे अकरा वर्षं ठेवलं.

मी नाव दिलं हे यांना रिपोर्टनंतर चौथ्या दिवशी कळलं. नंतरचा आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. उजवा हात बांधलेला, डाव्याने भाकरी तुटायची नाही, म्हणून मीच भरवत होते. तोंड उघडायचे, घास घ्यायचे, आणि नजर दुसरीकडे. शेवटी एकदा म्हणाले, "त्याचं भय मला दिसलं होतं गं. तुला नाही दिसलं?"

दिसलं होतं. मी पुढचा घास केला आणि म्हटलं, "तोंड उघडा." माफी मी मागितली नाही.