न उसवलेली कॉलर

सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात, घरात मीसुद्धा. खाली शिलाईचं दुकान, वर घर. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला तेव्हा मास्तर म्हणाले, "शिंप्याच्या हाताला हलायची सवयच असते." आजार जाणार नाही, वाढत जाईल, पण गोळ्या घेतल्या तर हात बराच काळ कामाचा राहील, असं डॉक्टरांनी नीट समजावलं. गोळ्यांचं पाकीट सुयांच्या डब्याखाली गेलं ते गेलंच.

मग सासूबाईंनी नवाच उद्योग काढला. मास्तर दुपारी आडवे झाले की त्यांनी शिवलेले शर्ट माझ्यापुढे टाकायच्या. कॉलरवरची टीप नुसती नागमोडी.

"उसव आणि परत शीव. त्यांना कळता कामा नये. खचतील."

गिऱ्हाईक खूश, मास्तर खूश. गोळ्यांचा विषय काढला की म्हणायचे, "एक तरी गिऱ्हाईक बोंबलत आलंय का? दाखव." काय दाखवणार, कपाळ? पुरावा तर आम्हीच उसवून टाकत होतो.

घरी तपासायला येणाऱ्या नर्सबाईंना मी हे सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "वाद घालू नका, घाबरलेत ते. पण त्यांच्या मागून सारवासारव करत फिरू नका."

"तिला काय जातंय सांगायला," सासूबाई म्हणाल्या.

याला प्रेम म्हणतात म्हणे. अशा प्रेमात माणूस एक दिवस जिन्यावरून पडतो आणि घरचे म्हणतात, अचानक झालं.

परवा मी शर्ट उसवला नाही. इस्त्री करून मास्तरांपुढे टेबलावर ठेवला.

ते कॉलरवरून बोट फिरवत राहिले. "हे कुणी शिवलं?"

"तुम्ही."

"आणि आधीचे?"

"तेही तुम्हीच. मी उसवून परत शिवलेत."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नजरेनं मारता आलं असतं तर मी तिथंच संपले असते.

मास्तरांनी उजवा हात मांडीखाली दाबला. "तरीच. कॉलरची टोकं बोथट यायची. मला वाटायचं, माझे डोळे गेले."

त्यांनी डाव्या हातानं ब्लेड घेतलं, एक टाका उचलायला गेले, कापडाला भोक पाडलं. मग शर्ट माझ्याकडे सरकवला. "तू उसव. टोक कसं काढायचं ते मी सांगतो."

आणि बायकोकडे न बघता म्हणाले, "ती गोळी आण गं. बघू काय दिवे लावते."

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. सुयांचा डबा मीच उचलला.