उसवण

सुईत दोरा गेला, पण चाक फिरवलं की तुटत होता. लवूने मशीनवरून मान वर काढली.

"आता काय चुकला गो?"

खाटेवर उशांना टेकून बसलेली शालन म्हणाली, "नको."

श्रावणात तिला झटका आला. उजवा हात-पाय गेला, आणि वाचेत हा एकच शब्द उरला. चहा हवा असला तरी नको, पंखा लाव म्हणायचं असलं तरी नको. डॉक्टर म्हणाले होते, समजतं त्यांना सगळं, शब्द सापडत नाही.

करी रोडच्या या खोलीत तिने तीस वर्षं चाळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले. लवू जवळच्या टॉवरमध्ये लिफ्ट चालवायचा. घरी आला की मशीनवरचे कपडे बाजूला सारून तिथेच ताट मांडून जेवायचा. मशीनशी त्याचा संबंध तेवढाच.

पण मॅक्सी डोक्यातून घालताना शालनचा लुळा हात वर होईना, ती कण्हायची. पनवेलहून मुलीने, अपेक्षाने, समोरून पूर्ण उघडणारा गाऊन मागवून दिला. त्याचं कापड गुळगुळीत, अंगाला चिकटणारं. शालनने डाव्या हाताने तो ओढून ओढून काढायला लावला.

"बाबा, दुसरा मागवते ना. तुम्ही कशाला शिवत बसताय?" अपेक्षा फोनवर म्हणाली.

"तिका तिचाच सुती कापड सोसता," लवू म्हणाला. "जुनी मॅक्सी फुडून कापायची, कडा दुमडायच्या नि नाड्या लावायच्या. माका जमात."

तीन दिवस तो चिंध्यांवर टीप मारायला शिकला. चाक उलटं फिरवल्यामुळे दोरा तुटतो, हे बाजूच्या कमलाबाईंनी दाखवलं. टीप वाकडी येई, पण येऊ लागली.

चौथ्या दिवशी दुपारी त्याने शालनची निळी मॅक्सी जमिनीवर पसरली. धुऊन धुऊन मऊ झालेली, तिची आवडती. मधोमध खडूची रेघ ओढून त्याने कात्री घेतली.

"हय कापू?"

"नको."

"बरोबर धरलंय मा?"

"नको. नको." तिचा डावा हात चादरीवर आपटू लागला.

लवू थांबला. "खरा नको की रोजचा?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. ओठ हलले, पुन्हा तोच शब्द आला. आता हिला आणखी काय विचारणार? तो खाली वाकला आणि गळ्यापासून खालपर्यंत सरळ कापत गेला.

कापड उचलून उलटं केल्यावर त्याला पुढच्या गळ्याची बटणं दिसली. ती शाबूत होती. त्याने मॅक्सी पालथी पसरली होती, पाठ कापली होती.

शालनने डोळे मिटून घेतले होते.

"माका कसा कळतला गो," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत त्याने ती पाठ परत जोडली. टीप कुठे आत गेली, कुठे कडेवरून सुटली, मध्ये कापड चुरगळून त्याची गाठ झाली. निदान अंगावर टाकता येईल म्हणून त्याने ती शालनच्या मांडीवर ठेवली.

तिने डावा हात शिवणीवरून फिरवला. गाठीपाशी बोटं थांबली. गिऱ्हाइकाच्या कपड्यावर चुकलेली टीप दिसली की ती जशी करायची, तसं तिने नखाने एक टाका वर उचलला आणि ओढला. कापड दोऱ्याबरोबर सरकत आलं. तिने पुन्हा ओढला, पुन्हा तेच. धरायला दुसरा हात नव्हता.

लवू खाटेच्या कडेला बसला. त्याने शिवणीची दोन्ही टोकं धरली आणि कापड ताठ केलं.

टाका सुटला. मग पुढचा. दोघं उसवत राहिली, आणि मॅक्सीचे दोन्ही पदर हळूहळू एकमेकांपासून दूर होत गेले.