आधी चेंडू, मग ओळी

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि आपण जमिनीवर पालथे पडलो आहोत अशी कल्पना करा. समोर एक लाकडी कपाट आहे. त्याच्याखाली हात कसाबसा जाईल एवढीच फट. आत अंधार, कोळ्याचे जाळे आणि धुळीचे मऊ पुंजके. त्या पुंजक्यांच्या मागे काही पिवळे दिसते का? दिसले? तोच मी. मी एक जुना रबरी चेंडू आहे.

तुम्ही म्हणाल, चेंडूची कसली आली गोष्ट? टप्पा खाल्ला, हरवला, संपले. पण मी टप्पे खाणारा चेंडू नव्हेच. कारखान्यात साच्यातून बाहेर पडलो तेव्हा शेजारच्या साच्यातले चेंडू टणाटण उडाले आणि मी मात्र पडलो तिथेच बसून राहिलो. मला वाटले, झाले, आपण नापास! मग कळले की मला मुद्दामच तसे मऊ केले होते. माझा जन्म उडण्यासाठी नव्हता, दाबून घेण्यासाठी होता. औषधांच्या दुकानात बँडेजच्या शेजारी मला जागा मिळाली. मुले मला पाहून धावत येत, हातात घेत आणि तोंड वाकडे करून परत ठेवत.

तिथून मला घरी आणले ते भिंगरीच्या आत्यासाठी. भिंगरी हे त्या मुलीचे खरे नाव नव्हे. ती एका जागी कधी ठरत नसे, म्हणून सगळे तिला तसे म्हणत. तिची आत्या दुकानांच्या पाट्या रंगवायची. समोरच्या बेकरीची पाटी लिहिताना शिडी सरकली आणि आत्या उजव्या मनगटावर पडली. हाड जुळले, प्लास्टर निघाले, पण बोटे लाकडासारखी ताठ झाली. बेकरीची पाटी 'बेक' या दोन अक्षरांवरच थांबली. खिडकीतून ती अर्धी पाटी रोज दिसायची. बेकरीवाले काका भले माणूस. हाताच्या पुढच्या तपासणीपर्यंत थांबतो, असे ते सांगून गेले होते. पण त्यानंतरही हात चालला नाही, तर त्यांना छापील पाटी आणावी लागणार होती. आणि एकाने छापील पाटी आणली की बाकीचे दुकानदार काय करतील, हे आत्याला कोणी सांगायला नको होते.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई पहिल्या दिवशी आल्या. त्यांनी मला आत्याच्या तळहातावर ठेवले.

"हात रुसलाय," त्या म्हणाल्या. "रोज थोडी मनधरणी करा, ऐकेल. दुखलं तरी थोडी कराच. एक दिवस खूप आणि चार दिवस काहीच नाही, असं चालणार नाही. एकदा तो कायमचा रुसला, की मग मलाही काही करता येणार नाही."

चेंडूचा व्यायाम झाला की त्याच हाताने चार ओळी लिहायच्या, असेही त्यांनी सांगितले. काहीही लिहा, पण रोज लिहा. आत्या हसली. जन्मभर दुसऱ्यांची नावे लिहिली, आता स्वतःचे काय लिहायचे, असे तिने विचारले. भिंगरीने तिथल्या तिथे उत्तर देऊन टाकले. गोष्ट लिही!

तेव्हापासून घरात एक नियम झाला. आधी चेंडू, मग ओळी. भिंगरी शाळेतून आली की मला खिडकीतल्या वाडग्यातून उचलायची. त्या वाडग्यात लिंबेही असायची. एकदा तर तिच्या आईने बोलता बोलता माझ्यावरच सुरी टेकवली होती! आत्या मला दाबायची, धरून ठेवायची, सोडायची. तिच्या कपाळावर घाम यायचा. मग ती पेन घेऊन चार ओळी लिहायची. अक्षरे अशी पडायची, की भिंगरीचे बाबा म्हणाले, "ताई, मुंग्या पळाल्या वाटतं कागदावरून." आत्याने त्यांना डाव्या हाताने धपाटा घातला. तो हात मात्र ठणठणीत होता.

गोष्ट अशी होती. एका गावात दिवस कलला की दारांवरची नावे पुसट होऊ लागत. एक मुलगी रंगाचा डबा घेऊन रोज ती नावे गिरवून ठेवी. ज्या दारावरचे नाव पूर्ण पुसले जाई, त्या घराची वाट लोक विसरून जात. आतली माणसे हाका मारत, पण कोणाला ऐकू जात नसे.

हळूहळू मला जाणवू लागले की बोटांची पकड वाढते आहे. बाई खूश झाल्या. आत्याने एकदा हवेतच 'र' काढून दाखवला. त्या वेळी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. कोणत्या टप्प्याच्या चेंडूने कधी कोणाला 'र' काढायला शिकवला आहे?

आणि मग घात झाला. तो कोणी वाईट मनाने केला नाही. घात बहुधा तसा होतच नाही.

त्या दिवशी हात फार ठणकत होता आणि गोष्ट ऐन रंगात आली होती. मुलगी एका दारापाशी पोचली होती आणि आतून कोणीतरी दार खरवडत होते. पुढच्या ओळीसाठी भिंगरी ताटकळली होती. शेवटी ती म्हणाली, "आत्या, तू नुसतं सांग. मी लिहिते."

चार ओळींच्या जागी दोन पाने झाली. वाचून सगळे थक्क झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वाडग्याकडे पाहून आत्या म्हणायची, चेंडू उद्या. उद्याचा परवा झाला. घरात रोज गोष्टीचे कौतुक होत होते, म्हणून काही चुकते आहे असे कोणालाच वाटले नाही. एके दिवशी लिंबे काढताना मी खाली पडलो, घरंगळलो आणि त्या कपाटाखाली गेलो. मित्रांनो, मी वाट पाहिली. मला कोणी शोधले नाही.

तिथून मला फक्त जमिनीजवळचे दिसायचे. खुर्चीचे पाय, भिंगरीचे हलणारे पाय आणि खुर्चीच्या बाजूला लोंबणारा आत्याचा उजवा हात. सुकलेले पान आतल्या आत वळते ना, तशी त्याची बोटे वळत चालली होती. वर हसणे चालू होते, पाने भरत होती. सगळ्यांचे डोळे कागदावर होते. हाताकडे एकटा मी पाहत होतो आणि मला ओरडायला तोंड नव्हते. पडून पडून माझेही रबर कडक होऊ लागले. एका बाजूला बारीक चीर गेली.

वरून आत्याचा आवाज येई. आता गोष्टीतली मुलगीही कंटाळली होती. एवढे एक दार उद्या गिरवू, असे ती म्हणत होती. ते सांगताना आत्याचा आवाज दरवेळी खाली जायचा.

तपासणी जवळ आली आणि गोष्टही संपत आली. भिंगरी म्हणाली, शेवटची ओळ तूच लिही. तिने पेन पुढे केले. ते आत्याच्या बोटांतून निसटले आणि घरंगळत माझ्यापाशी आले. पेन घ्यायला भिंगरी पालथी पडली. तिने मला पाहिले. मग मान वळवली, आणि इतके दिवस मी जे पाहत होतो ते तिने पाहिले.

"आत्या, तुझा हात उघड ना."

"उघडत नाही, भिंगरे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतक्या आनंदात लिहीत होतीस," आत्या म्हणाली. "मला वाटलं, उद्या करू."

बाबांनी बाईंना बोलावून घेतले. बाईंनी एकेक बोट उचलून पाहिले. त्या रागावल्या नाहीत आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. उशीर झाला आहे, पण किती, ते आज सांगता येणार नाही, एवढेच त्या म्हणाल्या. खिडकीबाहेर बेकरीवाले काका पाटीखाली उभे राहून वर पाहत होते.

मित्रांनो, माझे एवढेच ऐका. जे काम तुमच्याच हाताने रोज थोडे थोडे व्हायचे आहे, मग तो व्यायाम असो की चार ओळी, ते प्रेमापोटीही दुसऱ्याला देऊ नका आणि दुसऱ्याचे घेऊ नका. आणि एखादा जुना चेंडू दिसेनासा झाला, तर निदान खाली वाकून पाहा.

भिंगरीने मला बाहेर काढले. साबणाने धुतले, चिरेवरून बोट फिरवले. मग आत्याच्या तळहातावर मला ठेवून तिची बोटे एकेक करून माझ्याभोवती मिटवली. बऱ्याच वेळाने मला एक दाब जाणवला, अगदी पाखराच्या पायाएवढा. नंतर तिने आत्यासमोर कोरा कागद ठेवला, पेन ठेवले, स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबले आणि कधी एका जागी न ठरणारी ती मुलगी पहिल्या अक्षराची वाट पाहत न हलता बसून राहिली.