खडूची फुली

सासऱ्यांनी गाडी उचलायच्या चौथ्या लिफ्टचाही रंग किल्लीच्या टोकाने खरवडला, तेव्हा मात्र दुकानदाराचा धीर सुटला.

"काका, नवाकोरा माल आहे हो. आधी विकत तरी घ्या, मग घरी नेऊन हवा तेवढा खरवडा."

"रंगाखालचा जोड बघतोय," सासरे म्हणाले. "रंग काय, कशालाही फासता येतो."

शेजारी सून उभी होती. बोलणं दुकानदाराला उद्देशून होतं, हे तिला कळत होतं. तरी तिने मान खाली घातली आणि हातातला यादीचा कागद उगाच उलटसुलट केला.

यादी तिनेच केली होती. गाडीचं वजन, दोन चाकांमधलं अंतर, जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची. गाडी म्हणजे एटीव्ही. चार जाडजूड चाकं, मोटरसायकलसारखं हँडल आणि दोन्हीकडे पाय टाकून बसायची सीट. डोंगरउतारावरच्या त्यांच्या रोपवाटिकेत वरच्या वाफ्यांपर्यंत दुसरं कुठलंच वाहन चढत नाही. रोपांचे क्रेट, खताची पोती, पाण्याचे पाइप, सगळं तीच वाहते. घरात तिला म्हैस म्हणतात, कारण चिखल दिसला की तिचा पाय तिथून निघत नाही. हे नाव सुनेच्या नवऱ्याने ठेवलं होतं. दीड वर्षापूर्वी त्याच म्हशीखाली सापडून तो गेला.

तेव्हापासून गाडीची देखभाल खालच्या रस्त्यावरचा मेकॅनिक करत असे. गेल्या महिन्यात तो गॅरेजला कुलूप लावून लेकीकडे राहायला गेला. आता ऑइल कोण बदलणार, साखळी कोण ताणणार? "मी करीन," सून जेवताना म्हणाली. सासऱ्यांचा घास हातातच राहिला. मग ते म्हणाले, "मग आधी चांगला लिफ्ट घेऊ. मी येतो बघायला." मी करून देतो, असं काही ते म्हणाले नाहीत, आणि तेच तिला लागलं.

कारण सासरे स्वतः वेल्डर. एकदोन नाही, चाळीस वर्षं. सगळं गाव त्यांना गुण्या म्हणे. काटकोन तपासायचं ते हत्यार, गुण्या, कायम त्यांच्या खिशात असायचं, म्हणून. त्यांनी बसवलेलं फाटक वीस वर्षांनीही एका बोटाने उघडतं. माणूसही तसाच काटकोनातला, बोलणं कमी आणि वाकडं बोलणं त्याहून कमी. आयुष्यात ज्याने विकतची शिडीसुद्धा घरात येऊ दिली नाही, तो माणूस आज दुकानात उभा राहून परक्याचे जोड खरवडत होता. ही वेळ त्यांच्यावर कुणामुळे आली, ते सुनेला पक्कं ठाऊक होतं. दीड वर्ष तिने ते पोटात ठेवलं होतं.

म्हशीला वर चढवून खालून काम करता येईल असा स्टँड करून द्या, असं नवऱ्यानेच वडिलांना सांगितलं होतं. सासऱ्यांनी एका संध्याकाळी सांगाडा उभा केला. त्यांची कामाची रीत ठरलेली. आधी प्रत्येक सांध्यावर नुसते टाके मारायचे, चारही पाय गुण्याला लावून बघायचे, आणि मग फिरून एकेक जोड सलग भरायचा. टाक्यांवर उभी असलेली वस्तू दिसायला पुरी दिसते, पण तिच्यावर भार टाकायचा नसतो. त्या संध्याकाळी वेल्डिंगचे रॉड संपले. सासऱ्यांनी स्टँडवर खडूने मोठी फुली मारली आणि दुसऱ्या दिवशी एका गोदामाचं फाटक बसवायला दोन दिवसांसाठी बाहेर गेले.

सुनेला त्या फुलीचं काही माहीत नव्हतं. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि तिचा सगळा दिवस वाफ्यांत जायचा. रोपवाटिकेच्या पाटीचा हिरवा रंग अर्धा डबा उरला होता. बाबा परत येतील तेव्हा स्टँड रंगवून तयार असेल, खूश होतील, एवढंच तिच्या मनात आलं. रंगाआधी धूळ काढावी म्हणून तिने ओल्या फडक्याने स्टँड पुसला. धुळीबरोबर फुलीही पुसली. मापाची खूण असेल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने हिरवागार स्टँड बघितला. "जाण्याआधी बाबांनी काम उरकलं वाटतं!" म्हणत त्याने म्हशीला त्यावर चढवलं आणि मागच्या आसाला गुंडाळलेली तार सोडवायला खाली शिरला. सून वरच्या वाफ्यात होती. आवाज ऐकून ती धावत खाली आली, पण तोवर सगळं संपलं होतं.

पुढच्या आठवड्यात अपघाताच्या चौकशीला एक माणूस आला. स्टँड कुणी केला, त्याने विचारलं. "मी," सासरे म्हणाले. काम पुरं झालं होतं का? "झालं होतं." आणि रंग? "तोही मीच दिला." सून दाराशीच उभी होती. सासरे दुःखाने भ्रमले असतील असं तिला वाटलं, आणि ती तोंड उघडेपर्यंत तो माणूस कागद मिटून उठलाही होता. महिन्याभराने एक बाई आपल्या कठड्याचं काम कुठवर आलंय ते बघायला आली. "अजून फुली आहे, म्हणजे अर्धवटच," ती बाई म्हणाली. "त्यांची फुली दिसली की आम्ही आल्या पावली परत जातो." गावाला ठाऊक असलेली गोष्ट घरातल्या सुनेला त्या दिवशी कळली. ती मोरीत जाऊन नळ सोडून बसली.

सासरे खोटं बोलले होते. आयुष्यात पहिल्यांदा बोलले असतील. रंग आपल्या लेकानेच घाईघाईने दिला असं समजून ते मेलेल्या पोराची चूक झाकतायत, असा तिने अर्थ लावला. गुण्याचा जोड सुटला, ही बातमी मात्र गावभर झाली. कामं येईनाशी झाली. सासऱ्यांनी वेल्डिंगचं मशीन ताडपत्रीखाली झाकून ठेवलं. आणि सून रोज त्यांना चहा देत राहिली, तोंडातून ब्र न काढता.

"हा घ्या, पायाने पेडल मारायचा," दुकानदार पाचवा लिफ्ट ओढत म्हणाला. "हायड्रॉलिक आहे. लोण्यासारखा वर जातो."

"आणि तेल गळलं तर?"

"गळत नाही हो काका."

"माझेही जोड सुटत नव्हते," सासरे म्हणाले.

गोष्ट दुकानदारालाही माहीत होती. मग त्याने चेष्टेचा सूर सोडला आणि लिफ्टच्या बाजूची पोलादी दांडी दाखवली. लिफ्ट वर गेला की ती खाचेत पडते. तेल सगळं गळून गेलं तरी वजन दांडीवर राहतं. सासऱ्यांनी दांडी चार वेळा पाडून बघितली. खालचा पाया किती रुंद आहे ते वितीने मोजलं. वरच्या रबरी गाद्या गाडीच्या चौकटीखाली येतील की इंजिनाखालच्या पत्र्याला टेकतील, हे सुनेच्या कागदावरून ताडून पाहिलं. पट्ट्यांनी गाडी बांधायला कड्या आहेत का, ते बघितलं.

"आता तुम्ही यावर उभे राहा," ते दुकानदाराला म्हणाले.

"मी?"

"दुकानात तुमच्याएवढं वजन दुसऱ्या कशाचं आहे?"

दुकानदार निमूटपणे चढला. सासऱ्यांनी पेडल मारून त्याला कमरेइतका वर नेला आणि लिफ्ट दोन्ही हातांनी गदागदा हलवला. दुकानदाराने छताच्या पंख्याकडे भेदरून पाहिलं, पण लिफ्ट तसूभरही डुलला नाही.

"हा घेऊ," सासरे म्हणाले. "पण नुसत्या लिफ्टच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. चौकटीखाली आणखी दोन स्टँड लावायचे."

दुकानदाराने दोन स्टँड आणले. सासऱ्यांनी उंची बघून मान हलवली. "हे मोटारीचे. म्हशीला उंच होतात."

"मग तुम्ही करून द्या ना, बाबा," सून म्हणाली.

सासऱ्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि लिफ्ट टेंपोत चढवायला दुकानदाराला मदत करू लागले.

टेंपो सूनच चालवत होती. चढाच्या वळणावर तिने टेंपो कडेला घेतला आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"बाबा, तो हिरवा रंग मी दिला होता. फुली मी पुसली."

सासरे समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिले.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. मी फाटकाचं काम टाकून आलो, तेव्हा तू भिंतीला टेकून बसली होतीस. हात मांडीवर होते. नखांत हिरवा रंग होता."

तिने नकळत हातांच्या मुठी वळल्या. नखं तेव्हाच स्वच्छ झाली होती, तरी वळल्या.

"मग तुम्ही सगळं स्वतःवर का घेतलंत? तुमचं नाव गेलं, काम गेलं..."

"त्या माणसाने तुला विचारलं असतं, खूण का पुसलीस म्हणून. नवरा जाऊन आठ दिवस झालेले. काय सांगितलं असतंस?" ते थांबले. "आणि फुली म्हणजे काय, हे तुला कुणी सांगितलं होतं? वर्षभर माझ्या घरात होतीस. सगळ्या गावाला माहीत, म्हणून मी धरून चाललो की तुलाही माहीत असणार."

"चूक माझीच आहे, बाबा."

"अर्धी तुझी," सासरे म्हणाले. "नाही असं मी म्हणणार नाही. अर्धी माझी."

तिला वाटलं होतं, ते रागावतील, नाहीतर तुझी काही चूक नाही म्हणून समजूत घालतील. या दोन्हींची तिने मनात तयारी करून ठेवली होती. अर्ध्या वाट्याची तयारी नव्हती. ती स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसून हमसून रडली, आणि त्या दिवसानंतर प्रथमच तिला रडताना हलकं वाटलं. सासऱ्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ते फक्त बाजूला बसून राहिले आणि तिचं आवरेपर्यंत त्यांनी घाई केली नाही.

"मशीन मी लोकांमुळे नाही झाकलं," मग ते आपणहून म्हणाले. "तोंडासमोर काळी काच धरली की तो दिसतो. खाली शिरताना. मी बघितलंही नव्हतं, तरी दिसतो."

"मग राहू दे, बाबा. मेकॅनिक शोधू दुसरा."

टेंपो सुरू झाला. रोपवाटिकेची हिरवी पाटी दिसायला लागली तेव्हा ते म्हणाले, "सव्वा फूट पुरे होईल."

"कशाला?"

"स्टँडला. मोटारीचे उंच होतात."

दुसऱ्या दिवशी सून कठडेवाल्या बाईच्या दारात गेली आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांगून आली. बाई ऐकत राहिली, मग तिने खुर्ची पुढे केली. गावात ते पोचायला संध्याकाळही व्हावी लागली नाही. काहीजण तिच्याकडे बघेनासे झाले, आणि ते तिने सोसलं.

चौथ्या दिवशी सासऱ्यांच्या वर्कशॉपमधून हाक आली. ताडपत्री कोपऱ्यात घडी करून ठेवलेली होती. जमिनीवर दोन बुटके स्टँड उभे होते आणि दोन्हींवर खडूची फुली होती.

"ही काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"फुली."

"म्हणजे?"

"काम अर्धवट. भार टाकायचा नाही. पुसायची नाही."

"हं," म्हणून त्यांनी दुसरी काळी काच तिच्या हातात दिली. "बघ आता."

काचेतून तिला एक हिरवट ठिणगी तेवढी दिसत होती, सांध्यावरून मुंगीच्या चालीने सरकणारी. मधेच ती थांबली. सासऱ्यांनी काच खाली घेतली, बाहीने डोळे पुसले, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले आणि पुन्हा सुरुवात केली. असं तीनदा झालं. सून हलली नाही. जोड निवल्यावर त्यांनी हातोडीने वरची पपडी उडवली, प्रत्येक सांध्याला गुण्या लावला, आणि प्रत्येक स्टँडवर घण घातला.

मग बादलीत फडकं बुडवून, पिळून त्यांनी तिच्यापुढे धरलं.

"पूस."

तिचा हात पुढे होईना. त्या दिवशीचंच फडकं असावं तशी ती त्याच्याकडे बघत राहिली.

"झालंय काम. मी सांगतोय ना," सासरे म्हणाले. "पूस, बाळ."

तिने एक फुली पुसली, मग दुसरी. खाली उघडं लोखंड होतं आणि सांध्यांवरून सलग गेलेला निळसर जोड.

"रंग?" तिने विचारलं.

"नको. दिसू दे जोड."

"गंजतील."

"दर वर्षी घासू. दोघं मिळून."

म्हशीला त्यांनी लिफ्टवर घेतलं, पट्ट्यांनी बांधलं, दांडी खाचेत पाडली, चौकटीखाली दोन्ही स्टँड सरकवले. सासऱ्यांनी दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून गाडी ढकलून पाहिली. मग ते बाजूला झाले. सून जमिनीवर पाठ टेकून आत सरकली. ऑइलचं बूच काढताना तिला गाडीच्या कडेखालून त्यांचे बूट दिसत होते. ऑइल पूर्ण निथळेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.