लाल सीरम

मृणालिनी करंदीकर परळच्या एका लहानशा लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट होत्या. अकरा वर्षं तिथल्या रिपोर्टांवर त्यांचीच सही असायची. लॅब पुष्करची. तो वयाने लहान, त्यांना मॅडम म्हणायचा.

एका मंगळवारी सकाळी फ्रँक परेराचं रक्त आलं. मशीनमधून फिरवल्यावर नळीत वर पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, दिसायला हवं, ते लालभडक होतं. रक्त घेताना गडबड झाली असेल म्हणून मृणालिनींनी स्वतः पुन्हा घेतलं. तेही लाल. मायक्रोस्कोपखाली तांबड्या पेशी कडेने चावा घेतल्यासारख्या दिसत होत्या.

त्या बाहेर आल्या. फ्रँक खुर्चीत मान टाकून बसला होता, ओठ पांढरे. शेजारी त्याची बायको बेट्टी.

"लघवी कशी होतेय यांना?"

"काळ्या चहासारखी, परवापासून. दादरच्या क्लिनिकमध्ये गुडघ्यांसाठी ओझोन घेतात. रक्त काढायचं, त्यात गॅस मिसळायचा, परत सोडायचं. तिसरी वेळ झाली. डॉक्टर म्हणाले, अंगातलं विष बाहेर पडतंय."

"विष नाही, बेट्टीताई. यांचं रक्त फुटतंय. ओझोनचा मारा काही जणांच्या पेशींना सोसत नाही. टॅक्सी करा, आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्या. मी तिथल्या डॉक्टरांशी बोलते."

ती दोघं गेली आणि तासाभरात पुष्कर आत आला. "मॅडम, क्लिनिकचा फोन होता, बेट्टीताईंनी त्यांना कळवलंय. 'सॅम्पल खराब, पुन्हा घ्या' एवढंच लिहा म्हणतात. आपल्याकडे सगळ्यात जास्त पेशंट तेच पाठवतात."

"सॅम्पल दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा मी घेतलं."

"ओझोनचं नाव कशाला घालायचं पण? सिद्ध थोडंच झालंय?"

"सिद्ध झालंय असं मी लिहिलेलंच नाही. पेशी फुटताहेत, ओझोननंतर फुटताहेत, कारण शोधा, एवढंच लिहिलंय."

"मग दुसऱ्या कोणाची तरी सही घेतो मी."

"घे. त्याला आधी या स्लाइड्स बघायला लाव. आणि माझी सही असलेला रिपोर्ट बेट्टीताईंना गेलाय. व्हॉट्सअॅपवर, दहा मिनिटांपूर्वी."

पुष्करचा चेहरा उतरला. "उद्यापासून येऊ नका."

"आज सहापर्यंत आहे ना? अजून बावीस रिपोर्ट बाकी आहेत." त्यांनी पुढची स्लाइड घेतली. ती मायक्रोस्कोपखाली सरकवली. 

फ्रँकला चार बाटल्या रक्त चढवावं लागलं. तो वाचला. तीन महिन्यांनी केलेल्या तपासणीत कळलं, तांबड्या पेशींना सांभाळणारं एक एन्झाइम त्याच्यात जन्मापासूनच कमी होतं. ओझोन देण्याआधी ती एक टेस्ट केली असती तर पुरे होतं. क्लिनिकने ती केलीच नव्हती.

बेट्टीने मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. मृणालिनींना तोवर शीवच्या एका लॅबमध्ये काम मिळालं होतं, अर्ध्या दिवसाचं. सुनावणीला साक्षीदार म्हणून त्या रजा टाकून गेल्या. जिन्यातच क्लिनिकचे वकील भेटले.

"मॅडम, क्लिनिकवाले आता सगळ्यांची ती टेस्ट करतात. तुमचा मुद्दा मान्य झाला. मग कशाला वाढवायचं?"

"आधीच्या पेशंटांची केली?"

वकिलांनी फाइल दुसऱ्या हातात घेतली.

"त्यांना बोलावून विचारलंत, कोणाची लघवी काळी झाली होती का?"

"तुम्हाला या वयात कोर्टकचेरी झेपेल का?"

मृणालिनींनी पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "आत चला," त्या म्हणाल्या, "आपला नंबर लागलाय."