पहिलं रीळ कुनी बघत न्हाय

माझं नाव कोंडीबा, आन आधीच सांगतो, मी पोरगी पळवली न्हाय.

मी मागावर चादरी विननारा मानूस. कारखाना सा म्हैने बंद पडला, म्हनून टॉकीजवाल्यानं मला खलनायक केला. मुखवटा घालून आभाळातनं उडनाऱ्या हिरोचा पिक्चर लागला व्हता. त्याच्या जाहिरातीचा टांगा रोज निघायचा, म्होरं ताशा. टांग्यात निळ्या झग्यात, मुखवटा लावून हिरो झालेला बाळासो, आन काळ्या झग्यात, काजळानं भुवया वाढवलेला मी. चौक आला की बाळासोनं मला लाथा घालायच्या, मी लोळायचं, लोकांनी शिट्ट्या मारायच्या. त्यो मुडदा लाथा खऱ्याच घालायचा.

पिक्चर मी पंधरा डाव बघितला. त्यातला खलनायक काय उगंच वंगाळ झाला न्हवता. पहिल्याच रिळात त्याचा भाऊ बॉयलरपाशी जळतो, आन मालक दार उघडू देत न्हाय. पन तवर पब्लिक भायेर शेंगा घेत असायचं. माझी आई मायाक्कासुदिक. तिला म्हनलं, आये, येकदा सुरवात बघ की. तर म्हनायची, सुरवातीला काय असतंय, मारामारी मागनंच हाय.

त्या शनवारी जॉबरचा, म्हंजी आमच्या मागांवरच्या मुकादमाचा, सांगावा आला, सोमवारी कारखाना चालू, मागावर ये. लई खूश झालो. म्हनलं, येवढा शेवटचा टांगा करावा.

नवी पेठेत ताशाला घोडा बिथरला. म्होरं चार वर्साची पोरगी उभी. बाळासो उडी टाकून कापडाच्या दुकानात घुसला. मी उडी टाकली, पोरगी उचलली आन बाजूला पळालो. माझं तोंड बघून ती किंचाळली. झालं! पोरगी पळवली म्हनत लोक माझ्यावर तुटून पडले. ती तुडवली जाऊ नये म्हनून मी तिला पोटाशी घट्ट धरली, तर आनिकच हानलं. उजवा हात कोपरात मोडला.

मग बाळासो दुकानातनं भायेर आला आन माझ्या हातातनं पोरगी घेतली. तिची आई त्याच्या पाया पडली. दुकानदारानं हार घातला. मुखवटा काढून खरं सांगायला त्याला कितीसा येळ लागला असता?

दुसऱ्या दिवशी केळी घेऊन घरी आला. म्हनला, "लोकांनीच हार घातला, मी काय म्हनू?" केळ्यासकट हाकलला.

सोमवार गेला. येका हातानं तुटल्या धाग्याला गाठ बसत न्हाय. जॉबरनं माग दुसऱ्याला दिला.

त्याच सांजंला आई दुधात भाकरी कुस्करून मला भरवत व्हती. चार घास झाले. मग माझ्याकडं न बघताच हळू म्हनली, "कोंडीबा, आईपाशी खरं बोल. त्या पोरीला कुटं न्हेत व्हतास?"

पेठेचा मार सोसला व्हता. ह्यो सोसंना. पाचवा घास घेऊन तिचा हात तसाच म्होरं ऱ्हायला, मी तोंड उघडलं न्हाय.