प्रॉम्प्टरच्या वहीचा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. दोनशे पानी, लाल कापडी पाठीची. वडशाच्या एका नाटक मंडळीचं अख्खं तीन अंकी नाटक माझ्या पोटात आहे. नाव ‘कोरी साडी, रिकामं घर’. माझे मालक गुलाम रसूल हे त्या मंडळीचे प्रॉम्प्टर होते. स्टेजच्या आडोशाला बसून, मला मांडीवर घेऊन, अडलेल्या नटाला ते हळूच पुढचं वाक्य सांगत.

आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव जळका आहे. मी सगळ्यात जास्त जळायची ती पोस्टरवर. गुलाबी कागद, निळी शाई, नायिकेचं नाव हे एवढं मोठं! प्रयोगाच्या आठ दिवस आधीपासून पानठेल्यावर, एसटी स्टँडवर मिरवायचं. लोक थांबून वाचायचे, बोट ठेवून नावं दाखवायचे. आणि मी? माझ्यावर चहाची बशी. स्टेजवरचा शूर सरदार माझ्यामुळे बोलायचा आणि टाळ्या मात्र त्याला.

मालकांची एक सवय होती. प्रयोग संपला की समासात पेन्सिलीनं नोंद करायची. गाव, वार, तारीख, कोणाच्या जागी कोण उभं राहिलं, कोण किती वेळा अडलं. वर्ष मात्र त्यांनी कधीच लिहिलं नाही. दिवाळी झाली की हंगाम सुरू, होळी आली की बंद. कोणता हंगाम ते सगळ्यांना ठाऊकच असतं, मग लिहायचं कशाला, असं ते म्हणत. त्यांची ही चूक पुढे मला फार भोवली.

एकदा सिंदेवाहीकडच्या एका गावात शंकरपट होता. बैलांच्या शर्यतीला चार गावची माणसं जमलेली, रात्री आमचं नाटक. पोस्टरवर नायिका होती कुमारी हेमप्रभा, नागपूर. ती काही आलीच नाही. मंडळीत कपडे शिवायला रुखमा नावाची एक तरुण बाई होती. सुईत दोरा ओवता ओवता तिनं सगळ्या तालमी ऐकलेल्या. मॅनेजरनं तिलाच उभं केलं आणि पब्लिक भडकू नये म्हणून माइकवर ‘कुमारी हेमप्रभा’ असंच सांगितलं.

मी मनातून खूश झाले होते. म्हटलं, ही नवखी पोर, हिला शब्दाशब्दाला माझी गरज पडणार. आज माझा दिवस! पण छे. तिनं आडोशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बायका पदरानं डोळे पुसत होत्या आणि मालक माझं पान उलटायचं विसरून तिच्याकडे बघत होते. आयुष्यात मी इतकी कोणावर जळले नाही. प्रयोगानंतर मालकांनी समासात दोन ओळी लिहिल्या. पहिली अशी, ‘शनिवार, ता. १४, शंकरपट. हेमप्रभा आली नाही, रुखमा उभी राहिली.’ दुसरी ओळ मला अजिबात आवडली नाही, म्हणून ती आत्ता सांगत नाही.

पुढे मालक गेले. त्यांची लेक शमीम हिनं मला पत्र्याच्या पेटीत ठेवलं, त्यांच्या चष्म्याशेजारी. एक पोस्टर तिकडे नागभीडला छापखान्याच्या फायलीत टिकून राहिलं. कोणीतरी त्याचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला, खाली लेख लिहिला, ‘हेमप्रभा यांनी गाजवलेला प्रयोग’. मेलं तिथेही पोस्टरच!

हा लेख रुखमाच्या नातीनं, खुशबूनं वाचला. ती चंद्रपूरला एम.ए. करते, आणि झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, रंगभूमीवरच्या बायकांवर तिचा लघुप्रबंध चालू होता. त्यात तिनं आजीच्या भूमिकेवर दोन पानं लिहिली होती. तिचे मार्गदर्शक प्रफुल सर, त्यांनी त्या पानांभोवती लाल गोल काढला. आजीची आठवण म्हणजे शोधाची सुरुवात, शेवट नव्हे, असं ते म्हणाले. छापलेलं पोस्टर उलटं सांगत असताना नुसत्या आठवणीवर हे राहणार नाही. महिन्याभरात प्रबंध द्यायचा होता. पुरावा नाही मिळाला तर आजी त्यातून बाद.

खुशबूनं घरी जाऊन विचारलं, तेव्हा रुखमा म्हणाली, “मीच तं उभी होती ना बाई. नाव दुसऱ्याचं सांगतलं, आता मले कोण वळखन?” त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिला आठवलं, की रसूलभाऊ वहीत काहीतरी लिहीत असत.

खुशबू वडशाला शमीमकडे आली. शमीमनं पेटी उघडली, मला पदरानं पुसलं आणि म्हणाली, “अब्बाची वही आहे. नेजो, पण वापस आणून देजो.”

काय सांगू, मी चंद्रपूरला नवरीसारखी गेले. सरांनी ती नोंद वाचली. माझी मागची पुढची पानं चाळून अक्षर तेच आहे ना ते पाहिलं. मग त्यांनी विचारलं, “वर्ष कोणतं?”

वर्ष नव्हतंच. गावाचं नावही त्या दिवशी मालक गडबडीत विसरलेले. असे शनिवार किती, शंकरपट किती!

खुशबू उठली आणि नागभीडला गेली. इंटरनेटवरच्या फोटोवर न थांबता तिनं छापखान्यात ते पोस्टर हातात घेऊन पाहिलं. लेखवाल्यानं वरचं मोठं नाव तेवढं उचललं होतं. खाली बारीक अक्षरांत होतं, ‘शंकरपटानिमित्त, शनिवार दि. १४ जानेवारी १९८४’, गावाचं नाव आणि आमचंच नाटक. चौदा तारखेला शनिवार आणि त्याच दिवशी पट, असा दुसरा प्रयोग माझ्या समासात कुठेच नव्हता.

मग ते पोस्टर मागून तिनं सरांकडे आणलं आणि आम्हाला दोघांना एकाच टेबलावर शेजारी ठेवलं. माझा जीव नुसता जळत होता. जन्माचा वैरी, आणि त्याच्यावाचून माझं खरंसुद्धा खरं ठरेना! सर दोन्ही कागद दोनदा वाचून म्हणाले, “पोस्टर सांगते कोण येणार होतं. वही सांगते कोण आलं. आता लिही.”

खुशबूनं लिहिलं. तळटिपेत आम्ही दोघं एका ओळीत आहोत. माझं नाव आधी आहे, हे मी रोज एकदा आठवून घेते.

मला परत करण्याआधी खुशबूनं आजीला ते पान वाचून दाखवलं. पहिली ओळ ऐकून रुखमा नुसती मान हलवत राहिली. मग खुशबूनं दुसरी वाचली, ‘एकदाही सांगावं लागलं नाही.’

रुखमानं विचारलं, “भाऊनं असं लिवलं?” आणि त्या पेन्सिलीच्या अक्षरांवर तिनं बराच वेळ हात ठेवला.

मित्रांनो, लिहाल तेव्हा वर्ष लिहा. मोठ्या अक्षरांतलं वाचाल तेव्हा खालचं बारीकही वाचा, आणि एकाचं ऐकलं तर दुसऱ्यालाही विचारा, मग ते दोघं एकमेकांचं तोंड बघत नसले तरी. मला म्हणाल तर, त्या बाईला माझी गरज पडली नाही म्हणून मी चाळीस वर्षं जळत होते. आणि तेवढीच गोष्ट सांगायला शेवटी माझीच गरज पडली.